शिंक्याची दोरी चार बोटं खाली

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. टेबलावर दोन ताटल्या आहेत. दोन्हींत कोंबडीच्या तंगडीचं एकेक हाड आहे. पहिलं मी पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं होतं. हे बघा, ओल्या वादीसारखं वाकतंय. दुसरं काल चुलीच्या निखाऱ्यात चांगलं तासभर भाजलं. दिसायला जसंच्या तसं आहे, पण चिमटीत दाबलं की असा पांढरा चुरा होतो.

व्हिनेगरनं हाडातलं खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट, विरघळवून नेलं. मागे राहिले ते कोलॅजनचे, प्रथिनाचे तंतू. आगीनं तंतू जाळले आणि खनिज तेवढं ठेवलं. आपल्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिज असतं, बाकी तंतू आणि पाणी. खनिज दाब सोसतं, तंतू ताण सोसतात. मातीची भिंत घालताना चिखलात भाताचं काड का कालवतात ते तुम्हाला सांगायला नको.

मांडीचं हाड खुब्याजवळ उभं कापलं तर बाहेर घट्ट कवच आणि आत जाळी दिसते. १८६६ च्या सुमाराला झुरिकमध्ये हेरमान फॉन मेयर नावाचे शरीरशास्त्रज्ञ या जाळीची चित्रं दाखवत होते. समोर कार्ल कुलमान हे इंजिनिअर होते. त्यांना त्या रेषा ओळखीच्या वाटल्या. क्रेनच्या वाकलेल्या मानेवर ओझं आलं की ताण आणि दाब ज्या रेषांतून धावतो, त्याच या रेषा. साखर कारखान्यावर उसाच्या मोळ्या उचलणारी क्रेन तुम्ही पाहिलीय. तिची मान आणि आपला खुबा एकाच हिशोबावर उभे आहेत. पुढे १८९२ मध्ये युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्यांनी हे नियम म्हणून मांडलं : हाडावर जसा भार येतो, तशी त्याची घडण बदलते.

बदलते म्हणजे आयुष्यभर बदलत राहते. मला आज खरं बोलायचंय ते याच्याबद्दल. माझ्याकडे येणारं दर दुसरं माणूस सांगतं, ‘डॉक्टर, हाडं झिजल्यात बगा.’ झिजतो तो नांगराचा फाळ, झिजते ती चप्पल. त्यांच्यात जीव नसतो. गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक थर, झिजते, तिथं हा शब्द चालेल. पण हाडात पेशी आहेत, रक्त आहे. एका जातीच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, त्यांच्यामागून दुसऱ्या जातीच्या पेशी येऊन नवं भरतात. पोखरायला साधारण तीन आठवडे लागतात, भरून घट्ट व्हायला तीन-चार महिने. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्यानं बांधला जातो. हाडं ठिसूळ होतात ती या जमाखर्चात खर्च वाढला म्हणून. ‘झीज’ म्हटलं की माणूस वापर कमी करतो, खाटेला टेकतो. त्यामुळे जमा आणखी आटते. एका चुकीच्या शब्दापायी किती म्हाताऱ्या माणसांनी चालणं सोडलेलं मी पाहिलंय, म्हणून मला या शब्दाचा राग येतो.

आधी पाडणं आणि मग बांधणं, हा क्रम नीट ध्यानात ठेवा. आपल्याकडची पोरं भरतीची तारीख लागली की पहाटे रस्त्यावर पळायला लागतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घराघरांत फौजेची ओढ आहे, मला त्याचं कौतुकच आहे. पण वर्षभर न पळालेला पोरगा एकदम रोज आठ-दहा किलोमीटर डांबरावर पळू लागतो. हाडाला नवा भार कळतो, ते नव्या बांधणीसाठी जुनं पोखरायला घेतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोखरून झालेलं असतं, भरणं मात्र पुरं झालेलं नसतं. नेमकं तेव्हाच नडगीत किंवा पावलात दुखायला लागतं. बोटानं दाबलं की एकाच जागी कळ येते. ही बारीक चीर असते. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या शल्यवैद्यानं शिपायांच्या सुजलेल्या पावलांचं हे दुखणं लिहून ठेवलंय. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ती चीर बहुतेक वेळा दिसत नाही. पोराला सांगतात, ‘काही नाही, पळ.’ तो पळतो आणि हाड खरोखर मोडतं. तेव्हा पळणं चार महिने आधी सुरू करा, अंतर हळूहळू वाढवा, आणि एकाच जागी कळ आली तर थांबा. भरती पुढच्या खेपेलाही असते.

लहान मुलांचं वेगळं. जन्मताना सुमारे तीनशे हाडं असतात. काही जुळत जुळत शेवटी २०६ उरतात. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची चकती असते, उंची तिथं वाढते. मुलींमध्ये ती साधारण चौदा ते सोळाव्या वर्षी बंद होते, मुलांमध्ये दोनेक वर्षं उशिरा. पण हाडात खनिज भरणं तिशीच्या आतबाहेरपर्यंत चालतं. त्यातही वयात येतानाची दोनच वर्षं अशी असतात, की जन्मभराच्या पुंजीतला जवळजवळ चौथा हिस्सा तेवढ्यात जमा होतो. मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असते. घरात दूध कुणाच्या पेल्यात जातं, ते इथं बसलेल्या प्रत्येक आईनं आठवून बघावं.

आता माझ्या आत्याचं सांगतो. ती जांबोटीच्या पुढे, रानाला लागून असलेल्या गावात राहायची. जन्मभर डोक्यावर पाणी आणि पाठीवर इरलं. तिच्या स्वयंपाकघरात आढ्याला शिंकं होतं, त्यात दह्याचं गाडगं. मी वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना सुट्टीला गेलो, तेव्हा ती म्हणाली, ‘बाळा, शिंक्याची दोरी चार बोटं खाली घे की रे, हात पोचंना.’ मी स्टुलावर चढलो, गाठ सोडली, दोरी सैल करून पुन्हा बांधली. धुरानं दोरी आखडली असेल, असं मनात म्हणालो. शिंकं होतं तिथंच होतं, आत्या चार बोटं खाली आली होती. पाठीचे मणके आतल्या आत दबून, चेपून तिची उंची कमी झाली होती. मी पुस्तकात ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. दोन वर्षांनी पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. घरच्यांनी ‘वय झालं’ म्हणत कामट्या बांधून तिला झोपवून ठेवलं. मला कळायला आठवडा गेला. त्या अंथरुणातून ती उठली नाही.

पाळी गेल्यावर बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि पोखरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. पुढच्या पाच-सात वर्षांत काहींचं २० टक्क्यांपर्यंत हाड जातं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. तेव्हा घरातल्या आजीची उंची दाराच्या चौकटीला खूण करून ठेवा. दीड-दोन इंच कमी झाली तर तिला डॉक्टरकडे न्या. डेक्सा नावाच्या तपासणीत घनता कळते, आणि यावर औषधं आहेत. खुबा मोडला तर शक्य तितक्या लवकर ऑपरेशन करून बाईला उभं करायचं असतं. झोपवून ठेवलं की छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, आणि माणूस त्यानं जातं.

खाण्याचं म्हणाल तर मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचण्यात ते साडेतीनशेच्या आसपास असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या. नाचणा इथल्याच डोंगरउतारावरचा. रात्री पीठ आंबवून केलेली आंबील तर आणखी बरी, कारण आंबवल्यानं कॅल्शियम अडवून धरणारा फायटेटचा अंश कमी होतो. आपल्या आज्यांनी फायटेट हा शब्द ऐकलेला नव्हता, पण आंबील रोज केली.

पण ते कॅल्शियम आतड्यातून आत घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीवर ऊन पडून तयार होतं. कोवळं ऊन चांगलं, असं सगळे सांगतात. त्यात हाडाला उपयोगी किरणं फार थोडी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन हवं, हातपाय उघडे ठेवून, थोडा वेळ. कणकुंबीच्या पावसात चार महिने ते मिळत नाही. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसून काम करणाऱ्या बायांना तर उन्हाळ्यातही मिळत नाही. त्यांच्या हाडांची मला फार काळजी वाटते. आणि मशेरी. मोडलेलं हाड जुळायला रक्त लागतं. तंबाखूतलं निकोटिन बारक्या रक्तवाहिन्या आवळतं. विडी ओढणाऱ्याचं हाड जुळायला जास्त दिवस लागतात, हे मी प्लास्टर काढताना बघतो. मशेरीतूनही तेच निकोटिन रक्तात जातं.

मघाशी मागून एका काकूंनी विचारलं, ‘पासष्टाव्या वर्षी आता काय उपयोग?’ काकू, पोखरणाऱ्या आणि भरणाऱ्या पेशी तुमच्या अंगात या क्षणीही काम करतायत. रोज अर्धा तास चाला, भिंतीला धरून पाच-दहा वेळा उठबस करा, न्हाणीत खरबरीत फरशी आणि एक दांडा बसवून घ्या. आणि आता पुढे या. ही ताटली तुमच्याकडे घ्या, ते हाड स्वतःच्या हातानं वाकवून बघा.