पावसाळा, ओल आणि आपली व्हीलचेअर

नमस्कार मंडळी. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. तिथून ऑक्टोबरपर्यंत हवेतली ओल हटत नाही. इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरणाऱ्याला “पावसाळाभर घरीच थांबा ना” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी ते सांगणार नाही. नोकरी असते, कॉलेज असतं, दवाखाना असतो, आणि मित्रांना भेटावंसंही वाटतंच.

मी या खुर्च्या दुरुस्त करतो. रस्त्यात भिजून बंद पडलेल्या खुर्च्या माझ्याकडे येतात, पण काळजीनं रोज रात्री प्लास्टिकच्या कव्हरखाली ठेवलेल्याही बऱ्याच येतात. घरी आल्यावर ओल्या खुर्चीवर कव्हर घातलं की पाणी आतच कोंडतं. सकाळी कव्हर काढाल तर आतून थेंब धरलेले दिसतील. म्हणून आधी पुसायचं, पंख्याखाली वाळवायचं आणि मग हवं तर सुती चादर टाकायची. झाकण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं, एवढंच आज माझं मुख्य सांगणं आहे.

यामागचं कारण समजून घ्या. बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. कनेक्टरच्या पिनेवर ओल बसली आणि तिच्यातून हा डीसी प्रवाह झिरपू लागला की तांबं हळूहळू खाल्लं जातं, हिरवट थर चढतो. हे एका दिवसात होत नाही. जुलैत शिरलेली ओल खुर्ची बंद पाडते सप्टेंबरमध्ये, तीही चक्क कोरड्या दिवशी, मग घरातले म्हणतात, “पण आज तर पाऊसच नव्हता!” जूनच्या आधी मेकॅनिककडून कनेक्टर उघडून साफ करून घ्या आणि इलेक्ट्रिकल कामाचं खास ग्रीस लावून घ्या. साधं बेअरिंगचं ग्रीस तिथे चालत नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायचा हाताजवळचा दांडा. दांड्याभोवती घडीदार रबर असतं. ते उन्हानं आणि वापरानं घडीतच चिरतं, वरून दिसत नाही. बोटानं घडी हलकेच उलगडून उजेडात पाहा. चीर असेल तर ते रबर बदला. चिकटपट्टी पुरत नाही. आत पाणी गेलं तर दांडा मधोमध असूनही कंट्रोलरला, म्हणजे मोटारी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, तो सरकलेला वाटू शकतो. मग तो खुर्ची हलूच देत नाही, दिवे लुकलुकतात. ही तुमच्या सुरक्षेसाठीचीच सोय आहे. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. खुर्ची बंद करा आणि टेबलफॅनसमोर निवांत वाळू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा नको, आणि तांदळात पुरण्याचा उपाय तर मुळीच नको.

बाहेर जाताना जॉयस्टिकवर पारदर्शक पिशवी घाला, पण सैल. हात सोडला की दांडा आपोआप मध्ये यायला हवा, तरच खुर्ची थांबते. ताणून बांधलेली पिशवी दांडा ओढून धरते आणि ते भिजण्यापेक्षा धोक्याचं.

खरेदी करताना आयपी रेटिंग विचारा, म्हणजे धूळ आणि पाणी किती अडवलं जातं ते सांगणारे दोन आकडे. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे चालतील. पाइपचा फवारा किंवा साचलेलं पाणी नाही. आणि तो आकडा संपूर्ण खुर्चीचा आहे की फक्त जॉयस्टिकचा, हे आवर्जून विचारा.

मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी फेसला भरतीच्या लाटा अंगावर घ्यायला कुणाला आवडत नाही? जरूर जा, पण कठड्यापासून लांब राहा. खारं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, आणि ते हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं. पाइप लावून खुर्ची धुऊ नका.

आता तुंबलेल्या पाण्याचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस क्वचित येतो, पण हिंदमाता किंवा अंधेरी सबवे तुंबायला तेवढा पाऊस लागत नाही. खुर्चीच्या मोटारी चाकाच्या आसापाशी असतात, त्यामुळे पाणी तिथवर पोचेल असं दिसलं तर शिरूच नका. खाली उघडं मॅनहोल असलं तरी कळणार नाही. साडेचार मीटरवरच्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती भिंतीवर लावा. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पाण्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही.

खुर्ची बंद पडली तर हातानं ढकलता यावी म्हणून मोटारीपाशी ब्रेक मोकळे करण्याचा दांडा असतो. तो घरच्यांना, वॉचमनला, शेजारच्या पोरांना आजच दाखवून ठेवा. आधी खुर्ची बंद, मग दांडा. दांडा फिरवला की ब्रेक उरत नाही, म्हणून रॅम्पवर दोघांनी धरायचं. उचलायची वेळ आली तर फ्रेमला धरा. हाताच्या टेकणाला धरलं तर ते निघून हातात येतं.

शेवटची गोष्ट चार्जिंगची. तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये चार्ज करत असाल तर सॉकेट आणि चार्जर उंचावर घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना जूनआधीच अर्ज द्या. लिथियम बॅटरी पाण्याखाली गेली असेल, तर वाळली तरी चार्जिंगला लावू नका. ती काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. तिच्याजवळ कुणाला झोपू देऊ नका आणि तपासणी होईपर्यंत तिला घराबाहेर, मोकळ्या जागी ठेवा.