बस कधी येणार?

[दृश्य: बसथांबा. उभी असलेली माणसं एकाच दिशेला बघत आहेत.]

थांब्यावरच्या या माणसांकडे जरा बघा. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. कुणी दोन पावलं रस्त्यात उतरून डोकावतं, पुन्हा मागे सरकतं. बसमध्ये बसायला मिळालं की वीस मिनिटं कशी गेली कळत नाही. थांब्यावरची दहा मात्र जाता जात नाहीत. वाहतुकीचा अभ्यास करणारेही हे मानतात. प्रवासाचा वेळ धरताना वाट पाहण्याचं एक मिनिट ते गाडीतल्या मिनिटापेक्षा जड धरतात, बऱ्याचदा जवळपास दुप्पट.

शहर राहण्याजोगं कसं करायचं याची चर्चा बहुतेक वेळा मोठमोठ्या प्रकल्पांच्या नकाशांवर होते. आपण ती या थांब्यावरून करू.

बस दर अर्ध्या तासाने असेल, तर वेळापत्रक न बघता आलेला माणूस सरासरी १५ मिनिटं ताटकळतो. दर १० मिनिटांनी असेल, तर ५. वाटेत गाडी बदलायची असेल तर हे सगळं पुन्हा एकदा. मुलाला शाळेत सोडायचं, तिथून कामावर जायचं, येताना म्हाताऱ्या आईची औषधं घ्यायची, असे तुकड्यातुकड्यांचे प्रवास बहुतेक ठिकाणी बायकांच्याच वाट्याला येतात. अर्ध्या तासाच्या बसने असा दिवस उभाच राहत नाही. दर १० मिनिटांच्या बसने राहतो. नकाशावर दोन्ही ठिकाणी मार्गाची रेघ सारखीच दिसते, म्हणून मला त्या नकाशांचा फार भरवसा वाटत नाही.

[दृश्य: कोंडीत अडकलेली बस, वरून.]

मग फेऱ्या वाढवा, असं कुणीही म्हणेल. पण फेऱ्या कुठे हरवतात ते आधी बघायला हवं.

समजा, एका मार्गावर जाऊन परत यायला बसला ६० मिनिटं लागतात. त्या मार्गावर सहा बस सोडल्या, तर दर १० मिनिटांनी एक मिळते. आता रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि तीच फेरी ९० मिनिटांवर गेली. बस सहाच, चालकही तेवढेच, डिझेल उलट जास्त. आणि थांब्यावर बस येते दर १५ मिनिटांनी. पुन्हा १० मिनिटांवर आणायचं तर नऊ बस लागतील. म्हणजे कोंडीने त्या मार्गावरच्या तीन बस गिळल्या. त्या विकत घ्यायला आणि चालवायला लागणारा पैसा कोंडी करणाऱ्यांकडून कुणी मागत नाही. सेवा बिघडली की बोल लागतो तो बस चालवणाऱ्यांना.

यातूनच रोजचं आणखी एक दुखणं येतं. बराच वेळ बस नाही, आणि मग एकदम दोन. लोक चिडतात, आणि चिडणारच. पण यात चालकाचा आळस शोधू नका. पुढची बस एखाद्या सिग्नलला दोन मिनिटं जास्त अडकली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर चार माणसं जास्त जमली. त्यांना चढायला वेळ लागला, सुट्ट्या पैशांचा घोळ झाला, बस आणखी मागे पडली, त्यापुढच्या थांब्यावर गर्दी आणखी वाढली. मागच्या बसला मात्र रिकामे थांबे मिळत गेले आणि ती भराभर पुढे सरकली. शेवटी पुढची खचाखच, मागची अर्धी रिकामी, आणि दोघी पाठोपाठ. सुरुवात झाली होती त्या दोन मिनिटांपासून.

ती दोन मिनिटं वाचवता येतात. तिकीट चढण्याआधी काढलं जावं. सगळ्या दारांनी चढता यावं. थांब्याचा ओटा आणि बसची फळी एका पातळीत असावी, म्हणजे काठी टेकत येणाऱ्या आजोबांना कुणाचा हात धरावा लागत नाही आणि चाकाची खुर्ची सरळ आत जाते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बसला स्वतःची वाट हवी.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी वेगळ्या मार्गिका सुरू केल्या. महापौर होते जाइमे लर्नर, पेशाने वास्तुरचनाकार. पुढे १९९१ मध्ये तिथे काचेच्या नळीसारखे थांबे आले: पैसे थांब्यात शिरतानाच द्यायचे, बस आली की समोरासमोर दारं उघडायची आणि सरळ आत पाऊल टाकायचं.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते, कारण तिथे निर्णय लोकांनी घेतला. १९७३ मध्ये मतदारांनी भुयारी रेल्वेचा प्रस्ताव फेटाळला. १९७७ मध्ये नागरिकांनीच पुढे आणलेल्या दुसऱ्या प्रस्तावाला त्यांनी कौल दिला: आहेत त्याच ट्राम आणि बसना रस्त्यावर अग्रक्रम द्या. आज तिथे ट्राम चौकाजवळ येतेय हे यंत्रणेला आधीच कळतं आणि सिग्नल तिच्या सोयीने बदलतो.

[दृश्य: राखीव मार्गिकेतून जाणारी बस, शेजारी मोटारींची रांग.]

राखीव मार्गिका म्हटली की भांडण ठरलेलं. "ती बघा, रिकामी पडलीय," असं शेजारच्या रांगेतून म्हटलं जातं. ती रिकामी दिसते, कारण तिच्यातली माणसं निघून गेलेली असतात. उत्तर अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो नावाची संघटना आहे. तिच्या हिशोबाने मोटारींच्या एका मार्गिकेतून तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात; तेवढ्याच रुंदीच्या राखीव बसमार्गिकेतून ४,००० ते ८,०००.

तिकीट फुकट केलं की लोक मोटारी सोडतील, अशीही एक आशा असते. एस्टोनियाच्या टालिन शहराने २०१३ पासून रहिवाशांना प्रवास मोफत केला. गरिबाच्या खिशाला त्याचा आधार होतो आणि तो मोलाचा आहे. पण मोटारी फारशा हटल्या नाहीत. आधी पायी जाणारे बरेच जण बसमध्ये बसू लागले.

[दृश्य: थांब्याकडे जाणारा फुटपाथ, मध्येच तुटलेला.]

बसने जाणारा प्रत्येक जण आधी पायी चालतो, हेही विसरलं जातं. फुटपाथ मध्येच संपला, रस्ता ओलांडायला जागा नसली, रात्री थांब्यावर दिवा नसला, की बस कितीही चांगली असो, एकटी मुलगी तिथवर जाणार नाही. सावली, बाक आणि दिवा यांचा खर्च एका उड्डाणपुलासमोर नगण्य आहे. तरी तोच मागे पडतो.

मोटारींकडून जागा परत घेतली तर काय होतं, हे दक्षिण कोरियाची राजधानी असलेल्या सोलने दाखवलं. २००३ मध्ये शहराच्या मध्यातला उन्नत महामार्ग पाडायला सुरुवात झाली. त्याखाली चॉन्गग्येचॉन हा ओढा गाडला गेला होता. २००५ मध्ये जवळपास सहा किलोमीटरचा तो ओढा लोकांसाठी खुला झाला. मधल्या काळात, २००४ च्या जुलैमध्ये, शहराने बससेवेची पुरती फेरमांडणी केली: रस्त्याच्या मध्यभागी बसमार्गिका, मार्गांप्रमाणे बसचे रंग, बस आणि भुयारी रेल्वेला एकच कार्ड, गाडी बदलली तरी अंतराप्रमाणे एकच भाडं.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमने क्रम कसा लावला तेही बघण्यासारखं आहे. शहरात मोटार आणण्यावर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा बहुतेकांचा विरोध होता. ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बस सुरू झाल्या. शुल्काचा प्रयोग आला जानेवारी २००६ मध्ये. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. जुलैअखेर प्रयोग थांबला आणि मोटारी पुन्हा वाढल्या. सप्टेंबरमध्ये शहराने मतदान घेतलं, तेव्हा बहुमत शुल्काच्या बाजूने पडलं, आणि २००७ च्या ऑगस्टपासून ते कायम झालं.