शिस्तीच्या आत अडकलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या ठाण्यात जवळजवळ प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ सापडतो. पाण्याची टाकी कधी धुतली, लिफ्टच्या देखभालीचा करार कधी संपतो, सगळं तोंडपाठ. लोकल ठरलेली, डबाही ठरलेला. आवाज कधी चढत नाही. घरी मात्र बायकोने पुसलेला ओटा तो पुन्हा पुसतो, एक शब्दही न बोलता. मुलाला नव्वद टक्के मिळाले, तर उरलेले दहा कुठे गेले ते आधी विचारतो. शेजारी कौतुक करतात. तो आतून एकटा पडलेला असतो, कित्येकदा वर्षानुवर्षं नैराश्यात.

शिस्तीचा प्रत्येक माणूस आजारी नसतो, हे आधीच सांगते. पण ताठरपणापायी नाती तुटायला लागली की तो व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो.

असा माणूस समुपदेशनाला आला की वेळेआधी पोहोचतो. वहीत रकाने आखून विचारांची नोंद ठेवतो, एकही दिवस चुकवत नाही. आणि तसूभरही बदलत नाही! बदलणार कसा? उपचारही त्याला आणखी नेटकं वागायला लावत असतात. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, ही समुपदेशनाची पद्धत भावनांचा उद्रेक होणाऱ्यांना सावरायला शिकवते. इथे उलट, सावरणंच जास्त झालेलं असतं. म्हणून मानसशास्त्रज्ञ थॉमस लिंच यांनी तिला वेगळं वळण दिलं आणि 'रॅडिकली ओपन डीबीटी', म्हणजे मन मोकळं करायला शिकवणारी डीबीटी, घडवली. साधारण ३० आठवडे, दर आठवड्याला एक वैयक्तिक सत्र आणि एक कौशल्यांचा वर्ग.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते चेहऱ्यावरचं काम. "कसं चाललंय?" "ठीक." चेहरा कोरा. तेव्हा समुपदेशक उलटतपासणी घेत नाही. खुर्चीत मागे टेकतो, नजर थोडी हलवतो आणि कुतूहलाने विचारतो, "तुम्ही घरी असं 'ठीक' म्हणता, तेव्हा बायकोला त्यातून काय कळत असेल?" भाव दडवणाऱ्या माणसाजवळ इतरांना अवघडल्यासारखं होतं, ते हळूहळू लांब होतात. म्हणून वर्गात चक्क सराव असतो: पाठ टेकायची, श्वास संथ सोडायचा, ओठ मिटून हसायचं, भुवया जराशा उंचवायच्या. पोरकट वाटेल, पण शरीर सैल झालं की मन ऐकून घ्यायला तयार होतं.

मी याला रामबाण म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये चिवट नैराश्याच्या २५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सात महिन्यांनी लक्षणं कमी दिसली, वर्षाअखेरीस मात्र तो फरक तितका ठोस राहिला नाही. तरी या माणसांना वेगळी वाट हवी, हे मला मनापासून पटतं.

घरच्यांनो, "तुमचा स्वभावच असा" म्हणून विषय मिटवू नका. आणि तुम्ही स्वतःच असे असाल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सगळं मुद्देसूद मांडायची तयारी करत बसू नका. "घरात माझ्याशी कुणी मोकळं बोलत नाही," एवढंच सांगितलंत तरी चालेल.