खाडा

पहाटेचे चार. कोपीबाहेरच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीबाहेरच्या चुलीवर शेवटची भाकरी उतरते न उतरते तोच टायरगाडी निघते. अंधारातच उसाच्या फडात उतरायचं.

दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातली वडवणी, धारूर, केजकडची गावं ओस पडतात. म्हातारी माणसं तेवढी मागे राहतात. बाकीचे सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हंगामाआधीच घेतलेली, बहुतेकदा खर्चूनही टाकलेली. दोघांतलं एक जण फडात आलं नाही, की खाडा. तो पैसा कापला जातो, म्हणजे उचल फिटायची लांबते.

या हिशेबात पाळी कुठे बसवायची?

कोपीला दार म्हणून जुनी साडी. न्हाणी नाही, संडास नाही. पाळीच्या कपड्याची घडी धुतली तरी उन्हात वाळत घालायची लाज, म्हणून ती दुसऱ्या कपड्याखाली दडवायची. ओलसर असतानाच पुन्हा वापरायची. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट ठणकतं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना कंबर धरते. बायका हे सगळं अंगावर काढतात.

गावी परतल्यावर दवाखाना. ‘गर्भपिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल,’ असं कानावर पडलं की पुढचं विचारायचा धीर कुणाला? पोरं झालेली. दर महिन्याचा खाडाही वाचेल. ऑपरेशनला पैसे नसले, तर पुन्हा मुकादमच.

2019 मध्ये सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. कित्येकींनी अजून चाळिशीही गाठली नव्हती. औषधाने बरा होणारा संसर्ग किती जणींना होता, हे आता कोण सांगणार?

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात पिशवी काढायची नाही, असा नियम बीडमध्ये झाला. बरंच झालं. पण तो नियम दवाखान्यापुरता. फडात न्हाणी बांधा, असं तो सांगत नाही.

पिशवीबरोबर अंडाशयही गेलं, तर हाडं वेळेआधीच ठिसूळ होऊ लागतात. ‘जड उचलू नका,’ असं डॉक्टर बजावतात. इथे जड नसलेलं काम कोणतं?

सांज होते. गाडी भरून कारखान्याकडे जाते. बाई खाली बसून वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधते. त्या विकल्या की मीठ-मिरचीची सोय. मग पाणी आणायचं, चूल पेटवायची.