चौपन्नाव्या अंकानंतर

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागाच्या कारखान्यावरची खोली. खालून मागांचा आवाज.]

चादरीवर 'सागा' या अमेरिकी कॉमिकचे खंड ओळीनं मांडलेत, सहा अंकांचा एक खंड. वरच्या ओळीत पहिले नऊ, खाली दहावा आणि अकरावा. नवांचे कोपरे दुमडलेत, कणे ढिले झालेत. दहाव्या-अकराव्याच्या कण्याला अजून घडीसुद्धा पडलेली नाही. या कॉमिकवर जीव असलेली सोलापुरातली ही मंडळी आज नाराज आहेत, आणि ही नाराजी त्यांनी कागदावर उतरवली आहे.

लेखन ब्रायन के. वॉन यांचं, चित्रं फियोना स्टेपल्स यांची. इमेज कॉमिक्सनं मार्च २०१२ मध्ये पहिला अंक काढला, ४४ पानांचा, २.९९ डॉलरला. लँडफॉल हा ग्रह आणि रीथ हा त्याचाच चंद्र, दोघांचं जुनं युद्ध. एकाला उडवलं तर दुसऱ्याची कक्षा ढळते, म्हणून दोघांनी लढाई परक्या ग्रहांवर लोटली. पंखांची अलाना लँडफॉलची, शिंगांचा मार्को रीथचा. शत्रूपक्षातली ही दोघं संसार मांडतात आणि हेझल जन्माला येते. पुढची सगळी गोष्ट तीच सांगते, मोठी झाल्यावर.

[दृश्य: पानाचा जवळून शॉट. बोट अक्षरांवरून फिरतं.]

इतर पात्रांचं बोलणं फुग्यात आहे, छापील वळणाच्या अक्षरात. हेझलचे शब्द फुग्याबाहेर, थेट चित्रावर, आणि ते अक्षर स्टेपल्स यांच्या हातचं आहे. अमेरिकी मासिक कॉमिकात पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचे, अशी रीत. इथे तिन्ही कामं एकाच बाईंची. हक्कही प्रकाशकाकडे नाहीत, लेखक-चित्रकारांकडे आहेत. त्यामुळे अंक रखडला म्हणून दुसरा चित्रकार बसवता येत नाही, बसवूही नये. उशिराबद्दल या खोलीत कुणाची तक्रार नाही.

[दृश्य: जेकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेचा, ग्राफ पेपर. रंगीत पेन्सिली.]

तक्रार गोष्टीच्या वाटेबद्दल आहे, आणि ती मोजून दाखवायची तर साधन घरातच होतं. मंडळींतले एक जण चादरीची डिझाइनं काढतात. जेकार्डच्या ग्राफवर उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. एका ओळीचं एक कार्ड. भोक असेल तिथला हुक उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. त्याच कागदावर इथे एक ओळ म्हणजे कॉमिकचं एक पान आणि एक घर म्हणजे एक चौकट. हेझलच्या कुटुंबाच्या चौकटी लाल, त्यांचा पाठलाग करणाऱ्या भाडोत्री मारेकऱ्यांच्या निळ्या, युद्धाच्या आणि राजकारणाच्या हिरव्या, नव्यानं आलेल्या पात्रांच्या पिवळ्या.

यात दोन ठिकाणी चुकायला होतं. नुसती पानं मोजली तर फसगत होते, कारण पानभर एकच चित्र असेल तर त्या पात्राचं वजन उगाच फुगतं. म्हणून पान आणि चौकट दोन्ही लिहायचं, आणि पानभर चित्राच्या घराभोवती काळी रेघ मारायची. दुसरं म्हणजे मोबाईलवर चौकट-चौकट सरकवत मोजायचं नाही. धक्का पान उलटल्यावर बसावा म्हणून डाव्या, म्हणजे सम आकड्याच्या पानावर ठेवतात. २२ पानी अंकाचं शेवटचं पान नेमकं तिथेच येतं. वाचक महिनाभर लटकून राहतो तो त्या पानावर. स्क्रीनवर हे उलटणंच नाहीसं होतं.

[दृश्य: ग्राफ भिंतीला लावलेला. कॅमेरा डावीकडून उजवीकडे.]

पहिल्या खंडांत लाल पट्टा सलग चालतो. निळा आणि हिरवा त्याला येऊन भिडतात, कारण प्रत्येकाला ती पोर हवी असते, जिवंत किंवा मेलेली. गोष्टीचं इंजिन तेच होतं. जुलै २०१८ मध्ये ५४वा अंक आला, मार्को मारला गेला, आणि मालिका थांबली. ५५वा अंक उजाडला जानेवारी २०२२ मध्ये. गोष्टीत तीन वर्षं उलटलेली, हेझल दहाची, एकेकाळी त्यांच्या मागे लागलेल्या यंत्रमानव राजपुत्राचा, प्रिन्स रोबोटचा, मुलगा स्क्वायर त्यांच्यातच वाढतोय. अलानानं नवऱ्यामागचे पहिले महिने कसे काढले, हे वाचण्यासाठी लोक साडेतीन वर्षं थांबले होते. नेमका तोच काळ ओलांडून गोष्ट पुढे गेली. इथून भिंतीवर पिवळा रंग वाढतो. बॉम्बझीनसारखी नवी माणसं येतात, जागा घेतात, आणि हिरवा पट्टा विरळ होत जातो. ज्या युद्धामुळे ही मुलगी धोक्यात आहे ते युद्धच मागे पडलं, तर तिचं पळणं कशासाठी, हा या मंडळींचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

स्टेपल्स यांच्या चित्रांत मात्र तसूभर उणं नाही. हेझलचा चेहरा अंकागणिक वाढतो, आणि तरी आईचा आणि बापाचा भाग त्यात वेगवेगळा ओळखू येतो.

पूर्ण मालिका १०८ अंकांची, असं वॉन यांनी जाहीर केलेलं आहे. म्हणजे ५४ हा बरोबर मध्य. पहिल्या अर्ध्यात वर्षाला सरासरी साडेआठ अंक पडले. २०२२ मध्ये सहा, २०२३ मध्ये सहा. याच चालीनं उरलेल्या अर्ध्याला नऊ वर्षं लागतात. काहींनी खंड मागवणं थांबवलं आहे.

[दृश्य: ग्राफची लहान केलेली झेरॉक्स. पाकीट. पोस्टाचं खिडकीपुढचं टेबल.]

'सागा'च्या सुट्या अंकात मागे वाचकांच्या पत्रांचं पान असतं. तिथे ईमेल चालत नाही, टपालानं आलेलं कागदी पत्रच घेतात. एकत्र खंडात ते पान छापत नाहीत, त्यामुळे खंड वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते माहीतही नसतं. ग्राफ ए-फोरवर उतरवताना घरं बारीक होतात आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पिवळा पुसला जातो, म्हणून प्रत रंगीतच काढली आहे. सोबत इंग्रजीत एक पानाचं पत्र. मागणी एवढीच, की पुढच्या सहा अंकांत नवं पात्र आणू नका, आणि रीथ-लँडफॉलचं युद्ध हेझलच्या दाराशी परत आणा.