राज्यपाल पी. सुब्बरायन : साडेपाच महिन्यांची कारकीर्द

१७ एप्रिल १९६२ रोजी श्रीप्रकाश यांच्यानंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले परमशिव सुब्बरायन तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. राज्यपाल या पदाचा प्रताप त्यांनी त्याआधी, तीन तपांपूर्वी, समोरच्या बाजूने पाहिला होता.

सेलम जिल्ह्यातील कुमारमंगलमच्या या जमीनदाराचे शिक्षण मद्रास आणि ऑक्सफर्ड येथे झाले. १९२६ च्या निवडणुकीनंतर मद्रास प्रांतातील स्वराज पक्ष मंत्रिपदे स्वीकारीना, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड गोशेन यांनी अपक्ष सुब्बरायन यांच्याकडे मंत्रिमंडळ सोपवले. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य अशी सोपीव खाती मंत्र्यांकडे आणि पोलीस, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नरांच्या बाजूला असत. सायमन आयोगाच्या वादात दोन सहकारी मंत्र्यांनी राजीनामे दिले, तरी गव्हर्नरांची मर्जी आणि ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचा पाठिंबा यांवर हे मंत्रिमंडळ १९३० पर्यंत तगले. त्याला लोकनियुक्त सरकार म्हणणे जरा धाडसाचेच आहे.

पुढे ते काँग्रेसमध्ये आले, राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) मद्रासमधील मंत्रिमंडळात मंत्री झाले, संविधान सभेत बसले, इंडोनेशियात राजदूत होते आणि नंतर केंद्रात वाहतूक व दळणवळण मंत्री झाले. बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील राजभाषा आयोगात त्यांनी बहुमताच्या अहवालाला आपली भिन्नमतपत्रिका जोडली. क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी १९३८ पासून आठ वर्षे सांभाळले. घरही विलक्षणच होते : पत्नी राधाबाई गोलमेज परिषदेला गेलेल्या, एक मुलगा पुढे लष्करप्रमुख झालेला, तर दुसरा मुलगा मोहन आणि मुलगी पार्वती कम्युनिस्ट.

मुंबईत मात्र करण्यासारखे फारसे नव्हते. संविधानाच्या १६३ व्या अनुच्छेदानुसार राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे, आणि समोर यशवंतराव चव्हाण नुकतेच स्पष्ट बहुमताने निवडून आलेले. अशा वेळी राज्यपालाच्या स्वेच्छाधिकाराला वाव उरत नाही. ज्यांनी गोशेन यांची सत्ता सोसली, त्यांच्या वाट्याला हे निरुपद्रवी रूप आले, हे लोकशाहीच्या दृष्टीने शुभचिन्हच होते.

६ ऑक्टोबर १९६२ रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. चीनचे आक्रमण, संरक्षणमंत्री म्हणून चव्हाणांचे दिल्लीला जाणे आणि मारोतराव कन्नमवार यांचा शपथविधी या घडामोडी पुढच्या दीड-दोन महिन्यांतल्या. नोव्हेंबरअखेर विजयालक्ष्मी पंडित नव्या राज्यपाल म्हणून राजभवनात आल्या.