हिरडीतून रक्त येतंय? मग ब्रश थांबवू नका

नमस्कार मंडळी. सकाळी ब्रश करून थुंकलं आणि बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं, की आपल्यातले निम्मेअर्धे लोक काय करतात, तर त्या बाजूला ब्रश लावायचंच सोडून देतात. आणि तिथेच घोळ होतो, कारण रक्त येतं ते तिथे घाण साचून हिरडी सुजलेली असते म्हणून, आणि ब्रश थांबवला की ती अजून साचते. या टप्प्यावर नीट सफाई सुरू केली तर आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबतं, हिरडी पूर्ववत होते.

ही घाण म्हणजे चिकट थर, तो काही दिवसांत दगडासारखा कडक होतो, त्यालाच कीटण म्हणतात. मग ब्रशने निघत नाही, मीठ-हळदीनेही नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवून बघा, खरखरीत लागतंय? तिथे लाळेच्या नळ्या उघडतात म्हणून तिथे लवकर जमतं.

दवाखान्यात आम्ही एक बारीक खुणांची काडी दात आणि हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतो. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 5-6 आली तर आतलं हाड झिजायला लागलंय असं समजा, ज्याला आपण पायरिया म्हणतो. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, पण उरलेलं वाचवता येतं. त्यासाठी हिरडी बधिर करून दाताच्या मुळापर्यंत सफाई करतात, पुन्हा महिना-दीड महिन्याने मोजतात, फारच खोल असेल तर छोटं ऑपरेशन.

"डॉक्टर, क्लीनिंग केलं आणि दातात फटी पडल्या!" हे तर मी रोज ऐकते. अहो, फटी आधीच होत्या, कीटण त्यात सिमेंटसारखं भरून बसलं होतं. सुजलेली हिरडी ओसरली की अजून थोडं मोकळं वाटतं, थंड पाणी झिणझिणतं, ते हळूहळू कमी होतं.

आता मशेरी. एक मावशी आल्या, दोन दात हलत होते, म्हणाल्या, "रक्त तर कधीच आलं नाही बाई!" येणार कसं, तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रोग आत वाढतो आणि वरून पत्ता लागत नाही. मशेरी सोडल्यावर उलट त्यांना रक्त दिसायला लागलं आणि त्या घाबरून परत डबी उघडणार होत्या, सुनेने लपवून ठेवली म्हणून बरं.

शुगर असेल तर दुप्पट लक्ष द्या, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास देते. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात, पण गोळी मनाने बंद करू नका हां, डॉक्टरांना विचारा.

आणि ब्रश मऊच घ्या, हिरडीकडे तिरका धरा, जागच्या जागी हलकेच हलवा, भांडी घासल्यासारखं नको. दातांच्या मधली जागा ब्रशला पोचत नाही, तिथे छोटा इंटरडेंटल ब्रश किंवा फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा धागा, रात्री एकदा. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश मात्र सांगितलं तेवढेच दिवस, नाहीतर दात तपकिरी होतात आणि मग पुन्हा माझ्याकडेच येता, डाग काढायला.